उत्पन्न किती, आजोबा?

ठप्प! असा आवाज यायचा कचेरीतून. मी बापाचं बोट धरून बाहेर उभा असायचो, आणि आत शिक्का पडला की माझा बाप, चांगला पहिलवान गडी, जागच्या जागी दचकायचा... साठ वर्षं झाली त्याला, बाप गेला, कचेरी पाडून नवी बांधली, पण भ्या? भ्या तसंच राहिलं की! तुम्हाला सांगतो, वाघ परवडला, पण मला कागदाचं लई भ्या वाटतं.

म्हणून तर सुनेला म्हणलो होतो, बाई, पोरीच्या कॉलेजात मला गुंतवू नको. पोरगी म्हणजे संस्कृती, माझी नात. दौलताबादहून रोज बसनं शहरात जाते, पॉलिटेक्निकला. हुशार! पण हुशारी बघून फी माफ होती व्हय? तो सेतूवाला सोमनाथ बोटं मोजत पोपटासारखा सुरू झाला, "आजोबा, फीची सवलत वेगळी, होस्टेलचा भत्ता वेगळा, कॉलेजात काम करून शिकायचं वेगळं, आणि बँकेचं कर्ज सगळ्यात वेगळं!" म्हणलं, बाबा, कर्जाचं नाव काढू नको, फीचं बोल. तर म्हणे, "त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, आठ लाखांच्या आतला. नवा तलाठी चौकशीला येईल, खरं ते सांगा." आठ लाख! आमच्या घरात एवढे कुणी मोजलेसुद्धा नाहीत, कसली चौकशी?

पण आता मधेच कृष्णाचं सांगावं लागतं. कृष्णा म्हणजे संस्कृतीचा थोरला भाऊ. तिशी गाठली, शेती करतो, आणि शेती करणाऱ्याला आजकाल पोरगी कोण देतं? त्याला सोयगावचं स्थळ आलेलं. तिकडची माणसं काही सांगून येत नाहीत हो! आधी एकजण गुपचूप येतो, दारात बसतो, इकडचं तिकडचं विचारतो. सुनेनं बजावलं, "मामा, कुणी अनोळखी आलं तर घराची अब्रू राखा."

आलं ना! इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल, बाजेवर बसलं, पाणी प्यालं, आणि काय विचारावं? "आजोबा, घरात माणसं किती? जमीन किती? उत्पन्न किती?" आता तुम्हीच सांगा, हा तलाठी का सोयरा, कपाळावर लिहिलेलं असतं व्हय? मी सुटलो... दोन एकराची आठ एकर केली, कृष्णाला बिडकीनच्या कंपनीत सुपरवायझर केला, दारात शेजारच्या बद्रीनाथचा ट्रॅक्टर उभा होता, तोही आमचा केला! तो लिहून घेतोय, आणि मी मनात म्हणतोय, घर आवडलं बरं का! शेवटी म्हणतो, "इथं अंगठा द्या." मला कागदाचं लई भ्या वाटतं... पण म्हणलं, पोरींचा दुष्काळ पडलाय, सोयरे आता लेखी घेत असतील!

आठ दिवसांनी दाखला आला. संस्कृतीनं एकदा वाचला, परत वाचला. "आबा... नऊ लाख चाळीस हजार?" एवढंसं झालं हो तिचं तोंड. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "शुक्रवारी शेवटची तारीख आहे." बस्स. पोरीची फी मी जिभेनं खाल्ली! वर सोमनाथ हसत म्हणतो, "खोटं सांगितलं की गुन्हा दाखल होतो, आजोबा." हसायची गोष्ट आहे ही?

हातापाया पडलो तेव्हा तलाठी पुन्हा यायला कबूल झाला. गुरुवारी सकाळी आला, बाजेवर बसला, फाईल उघडली, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज, "रामकिसनरावांचं घर हेच का?" माझंच नाव! पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं... सोयगावचे काकासाहेब, नवरीचे चुलते! खरे सोयरे! बसले कुठं? त्याच बाजेवर, तलाठ्याला खेटून!

सुनेनं चहा आणला. कृष्णा नवा शर्ट घालून दारात. त्याच्यामागं संस्कृती, हातात फॉर्म. आणि तलाठी विचारतो, "हं, बोला आजोबा, उत्पन्न किती?"

काकासाहेबांनीही कान टवकारले. खरं बोललो तर नातू गेला, खोटं बोललो तर नात गेली! मी कृष्णाकडं बघितलं. त्यानं मागं वळून बहिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळूच मान हलवली. सांगा, आबा.

सांगितलं. डोळे मिटून सांगितलं. "दोन एकर, साहेब, कोरडवाहू. कंपनी नाय, सुपरवायझर नाय, ट्रॅक्टर बद्रीनाथचा. पोरगं माझ्यासंगं राबतं. सगळं धरून वर्षाला लाखभर... तेबी पिकलं तर."

खोटं बोलताना एवढं भ्या वाटलं नव्हतं, तुम्हाला सांगतो.

"आता बसतंय बघा आठच्या आत! दाखला उद्या सकाळीच देतो!" तलाठी खूश. मी अंगठा दिला, डोळे उघडले, म्हणलं, "पाहुणे, चहा तरी संपवा..." काकासाहेबांनी कप खाली ठेवला, टोपी सारखी केली, चपला घातल्या, आणि 'येतो'सुद्धा न म्हणता निघून गेले.