काचेचं रबर

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून तापतं. वडिलांच्या जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेचं रबर पुण्या-मुंबईत कुठेच मिळेना. शेवटी साखर कारखान्याच्या पंपांची रबरं करणारे पाटोद्याचे रज्जाकभाई म्हणाले, "नमुना द्या, साचा करतो." उरलेलं एकमेव अस्सल रबर मी त्यांच्या हातात दिलं. माझंच चुकलं का, हे अजून कळत नाही.

पंधरा दिवसांनी गेलो.

"झालं का हो?"

"लई झ्याक बसलं, सर!"

"कशाला बसलं? मोटार तर माझ्या घरी आहे."

"टँकरच्या झाकणाला. अर्धं पानी रस्त्यातच सांडत व्हतं. पानी संस्थेच्या चेअरमन सायबांनी तुमचं रबर कापून बसवाया लावलं."

"अहो, तो नमुना होता! आता काच बसणार कशी? पावसाचं पाणी थेट आत येईल!"

रज्जाकभाईंनी आभाळाकडे बघितलं. "कुठला पाऊस, सर?"

तसाच पाणीपुरवठा सहकारी संस्थेत गेलो आणि आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी टेबलावर हात आपटला. "विचारायची काही पद्धत आहे की नाही? माझं रबर परत पाहिजे मला!"

चेअरमन शांतपणे म्हणाले, "सर, टँकरवर चार गावं पाणी पितात. झाकण कसं काढू? त्यापेक्षा असं करू, टँकरवर 'सौजन्य' म्हणून तुमचं नाव टाकतो."

एवढा अपमान! तरातरा दारापर्यंत गेलो, मागे वळलो, आणि माझ्याच तोंडून निघालं, "नावाआधी डॉक्टर लिहा."