अक्कांचा घास

तुम्ही हसाल, पण आमच्या पिंकीचं पाळणाघर मी एकही प्रश्न न विचारता ठरवलं. मी बंगळुरात, चिकपेटला कापडाच्या दुकानात होतो, तेव्हाची गोष्ट.

बायकोला सोमवारी शिवणाच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं, आणि पिंकी तर एकेक घास खाताना आम्हाला रडवायची. बायकोने बजावलं, "राजाजीनगरच्या पाळणाघरवाल्या अक्कांना सगळं नीट विचारा. लाजू नका. सोय झाली नाही, तर माझी नोकरी गेली."

मी पिंकीला घेऊन पोचलो तेव्हा अक्का मुलांना गोल बसवून प्रत्येकाच्या तळहातावर सारभाताचा घास ठेवत होत्या. पिंकीला मांडीवर घेऊन मीही गोलात बसलो. लगेच माझ्याही हातावर घास आला.

"अक्का, मी फक्त विचारायला..."

"आधी खा, अण्णा. मग बोला."

एक संपला की दुसरा येई. नको कसं म्हणणार?

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या अक्का?"

"विचारताच आलं नाही. तोंडात घास होता."

"अहो! आणि पिंकी?"

"तिचा संपला की ती माझ्या हातावरचा पळवत होती."

बायको म्हणाली, "सरी, ठीक आहे. सोमवारपासून तिला तिथेच सोडा. पण तुम्ही जेवायला थांबू नका."