नवाईआधीची भगर

सन एकोणीसशे अडतीस, म्हसावदचा बाजार. मिठाच्या दुकानदाराला तोलायची काही घाई नव्हती आणि मी उभा राहून कंटाळलो होतो. माझ्यापुढे दोघी होत्या. एक गावातल्या जमनाबाई, दुसरी धडगावकडच्या डोंगरातून गाठोडं घेऊन उतरलेली आदिवासी बाई, वेस्ती.

"वेस्ती, यंदा भगर नही आणी?"

"नवी भगर घरमा उनी शे माय. पण नवाई व्हयनी नही. देवले निवद दाखाडाना आधी आम्ही नवं धान खातस नही, इकतस बी नही."

"मन्ही सूनले तिसरा महिना शे. पोटमा काहीच ऱ्हास नही. डोंगरनी भगरनी पेज तेवढी पचस."

"नवाई पुढला बाजारनंतर शे, माय."

"तवलोंग पोर काय खाई?"

"थांबा. हाई भगर ल्या."

"हाई कोठली?"

"मांगला सालनी. जुनी चालस."

"गाठोडामा रांधानं गाडगं बी शे तुन्हं. वेस्ती, हाई तुन्हं रातनं जेवण शे ना?"

"एक रात शे माय. निंघी जाई."

"घाटमा उपाशी झोपशी?"

"पोटुशी बाई उपाशी नको."

"मंग चाल मन्हा घर. तूच पेज रांध. सूनले घाल, तू बी खा. सकाये जाय."

"तुम्हना चुल्हावर? मी?"

"मंग कोन?"

"घरना लोके काय म्हणतीन, माय?"

"म्हणतीन ते म्हणतीन. आधी पेज शिजू दे."