चौऱ्याऐंशीवं सरू दे

रुआन नर्स : दार अडवू नका, तोंग आजोबा. आजींची कोरोनाची तिसरी लस आहे, पेटी घेऊन पाच जिने चढलेय मी.

तोंग आजोबा : नवीन वर्ष लागल्यावर ये म्हटलं होतं ना?

रुआन : तीनदा म्हटलंत. तिन्ही वेळा निमूट परत गेले.

तोंग : चौऱ्याऐंशीवं चालू आहे तिला, नवीन वर्ष लागलं की सरेल. त्र्याहत्तर नि चौऱ्याऐंशी, या दोन वर्षांत यमराज दारावरून फेऱ्या मारतो. माझी आई चौऱ्याऐंशीतच गेली. अशा वर्षी अंगाला सुई लावायची?

रुआन : आधीच्या दोन घेतल्या की!

तोंग : तेव्हा त्र्याऐंशीवं होतं. आणि दोन झाल्या, म्हणजे झालं.

रुआन : तेच तर नाही ना! गेल्या महिन्यात त्यांचं नि माझं रक्त तपासलं, त्यांचा कागद तुमच्याच हातात दिला. आजींनी नि मी एकाच दिवशी, एकच लस घेतली. माझं रक्त त्या विषाणूला अजून थोडंफार लक्षात ठेवून आहे, आजींचं पार विसरलंय. वयच तसं.

तोंग : लशीत विषाणू मेलेला असतो म्हणे?

रुआन : हो. मारूनच घालतात.

तोंग : मेलेला मास्तर आणि चौऱ्याऐंशीची विद्यार्थिनी! काय शिकणार, कपाळ!

रुआन : तिसऱ्यांदा सांगितलं की शिकतात. तरुणांइतकं नाही, पण जीव वाचण्यापुरतं. निर्बंध उठल्यापासून घराघरात ताप आहे, आजोबा. सरका बघू.

(आतून खोकला. थांबतच नाही.)

रुआन : कधीपासून?

तोंग : परवापासून. रविवारी नातू येऊन गेला. अंग तापलंय.

रुआन : आणि मला दारात उभं करून गप्पा मारताय?

तोंग : सरकलो बघ. टोच. खड्ड्यात गेलं ते वर्ष.

रुआन : तापात नाही टोचता येत. टोचली तरी अंगात भिनायला दोन आठवडे जातात.

तोंग : दोन आठवडे...

रुआन : घड्याळ आणा. आधी त्यांचा श्वास मोजू दे. तो कागद आजींना दाखवलात का?

तोंग : नाही. ती म्हणत होती, घेऊन टाकू. मीच नको म्हटलं. साठ वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं गं, पोरी.