वीस माग आणि एक डुलकी

आता तुम्ही म्हणाल, गावोगावचे वीस विणकर फोनवरून सांभाळायला काय लागतं? मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी टसरच्या साड्या संध्याकाळच्या गाडीनं गेल्या नसत्या, तर मोठं गिऱ्हाईक हातचं जात होतं. म्हणून दुपारीच मी विसांनाही एका व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि बजावलं, "आवाज बंद करू नका. माग चालताना मले ऐकू आला पाहिजे."

मग गोसीखुर्दपासून बपेऱ्यापर्यंतची खटखट माझ्या पेढीच्या गादीवर येऊन एक झाली. वैनगंगेच्या काठानं जणू एकच लांबलचक माग चालला होता, आणि त्याचा धोटा इकडून तिकडं जाताना मलाही सोबत नेत होता.

डोळे उघडले तेव्हा सगळं शांत. वीसही जण पडद्यातून माझ्याकडंच पाहत होते.

"माग काहून थांबले?" मी दचकून विचारलं.

त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या कमलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचा डोळा लागला होता, शेठजी. खटखटीनं जाग आली असती ना."

"किती वेळ झाला?"

"अर्धा घंटा झाला असन. मस्त झोपून राहिले होते."

साड्या गाडीत चढल्या, पण मी गाडीमागं पळत चढवल्या. आताही रोज माग ऐकतो. फक्त उभ्यानं.