धुराले कामावर ठेवलं

...नाई, तुमीच सांगा, ज्या धुराले आपण तीस वर्षं गाडीच्या मागून हाकलून दिलं, त्याले परत बोलावून कामावर ठेवाचं म्हणजे काय? फुकटात कोण राबते हो?

मी चंपतराव, पारशिवनीहून नागपूरले, कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ट्रक आणतो. मालक मधुकरराव. सत्याऐंशी साली त्यायनं नवा ट्रक घेतला, टर्बोवाला. टर्बो म्हणजे काय, तं सदर बाजारातल्या केशव मिस्त्रीनं उघडून दाखवलं... एक दांडा, दोन टोकाले दोन पंखे. इंजिनातून निघालेला धूर जाता जाता एक पंखा फिरवते, दांडा एकच म्हणून दुसराही फिरते, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, हवा जास्त तं डिझेल जास्त जळते, अन् गाडीले जोर येते. म्हणजे चुलीचा धूर चुलीलेच फुंकून राहिला! घरी बायकोले, जिजाबाईले सांगितलं, तं ते डोळे पुसत म्हणे, "मंग मले काहून बसवलं हो इतकी वर्षं फुकणी घेऊन?" आता काय सांगता? फुकटात कोण राबते?

वरून मिस्त्री म्हणे, "काका, गाडी थांबली का लगेच बंद नका करू. दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या. इंजिन बंद तं ऑईल बंद, अन् तो तापलेला पंखा कोरडाच फिरत राहते."

उभ्या गाडीत डिझेल जाळाचं? मी कळमन्याच्या गेटापासूनच इंजिन बंद करून गाडी आत सोडणारा माणूस, आवाज नाई का धक्का नाई, हमाल वळून पाहेस्तोवर गाडी जाग्यावर. मले वाटलं, मिस्त्रीचं पंपावाल्याशी साटंलोटं असंन. सहा महिने म्या त्याचं ऐकलं नाई.

सातव्या महिन्यात गाडी किंचाळाले लागली. पुलाच्या चढावर एक बैलगाडी आमच्या पुढं गेली, अन् गाडीवाल्यानं मागं वळून मले रामराम केला. मिस्त्रीनं खोललं तं दांडा जळून निळा, पंखा जाम. मधुकरराव ओरडले नाई, हळूच म्हणाले, "चंपतराव, आणखी एकदा असं झालं तं स्टेअरिंग रविंद्रले." रविंद्र म्हणजे त्यायचा भाचा, कालपरवापर्यंत लुना चालवणारा. स्टेअरिंग सुटलं तं या वयात मी काय करू, जिजाबाईच्या बाजूले बसून चूल फुंकू?

तवापासून गाडी लावली का मी डोळे मिटून, ओठ हलवत दोन मिनिटं मोजतो. शाळा दुसरीतच सुटली, शंभराच्या पुढं घसरते, म्हणून साठ दोनदा मोजतो. परवा संत्रेवाली रुखमाबाई हमालायले सांगून राहिली, "पाहा गा, किती भाविक माणूस, देवाचं नाव घेतल्याबिगर खाली पाय ठेवत नाई." अन् माह्या गाडीले हात जोडून गेली.

रविंद्रच्या भेवानं मोजतो हे तिले कसं सांगू? दुसऱ्या दिवसापासून मी गंध लावून येऊन राहिलो.