रस्त्याकाठचं लाकूड

(परदेशातला, वुडलँड्सचा फ्लॅट. जेवणाच्या टेबलाशी मालतीबाई आणि त्यांची सून संजीवनी. आतल्या खोलीत इथेच वाढलेली नात इरा एक छोटा ढोल वाजवतेय.)

मालतीबाई : तुझ्या लेकीला काही वळण आहे का, संजीवनी? ताट तसंच टाकून गेली. माझ्याशी धड दोन शब्द बोलायला जड जातं, आणि त्या लाकडाशी दिवसभर गुलुगुलु.

संजीवनी : आई, शनिवारी शाळेत वाजवायचंय तिला. सरांनी विश्वासाने दिलंय ते.

मालतीबाई : मग आजच विश्वासाने परत करा. मी नातीचं बोलणं ऐकायला आले, ही टुंगटुंग नाही.

संजीवनी : सर नायजेरियातले, योरुबा समाजाचे आहेत. त्यांची भाषाच सुरांवर चालते, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. या ढोलाच्या दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. म्हणून बोलण्याचे चढउतार काढून त्यांच्याकडे हे वाद्य बोलतं.

मालतीबाई : माझ्याशी नाही बोललं कधी. इरा, ये इकडे. घेऊन ये ते. अगंबाई, डमरूच की हा, जरा लांबट. कशाचा कोरलाय?

इरा : रोडजवळच्या ट्रीचा. ते बेस्ट, लाह. लोक जातात, टॉक करतात, ट्री ऐकतं. मग त्याचं वूड पण बोलतं. कट करायच्या आधी ट्रीला प्रे करतात. आणि आत गॉड आहे, आयान.

मालतीबाई : आत देव आहे? मग आधी सांगायला काय झालं होतं? काल पायाने सरकवलं मी. थांब, नमस्कार करू दे... हं. आता बोलव त्याला.

इरा : हे सरांनी नाही शिकवलं. मी केलं. ऐक. (वाजवते.)

मालतीबाई : पुन्हा वाजव. (इरा पुन्हा वाजवते.)

संजीवनी : आई, हे ओळखीचं वाटतंय हो.

मालतीबाई : तू गप्प बस. इरे, हे 'ताट उचल गं' आहे ना?

इरा : येस! तू रोज म्हणतेस. मी मराठी बोलले की चुकते, मग तू हसतेस. ड्रमवर नाही चुकत.

संजीवनी : मग, आई? परत करायचं ना आज?

मालतीबाई : मी तुझ्याशी बोलत नाहीये. इरा, हे इथेच राहील. पण तू चुकलीस. शेवटचा 'गं' मी हळू म्हणते, तो तू घेतलाच नाहीस. जवळ येऊन बस, म्हणजे ऐकू येईल.